नळ आला, पण जोखीम कोणाच्या डोक्यावर? आपल्या गावाचं कार्ड हिरवं की लाल, हे ग्रामसभेत विचारा

आपल्या गावाच्या पाण्याला वर्षातून दोनदा मार्क मिळतात, हे किती जणांना माहीत आहे? पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा सार्वजनिक पाण्याच्या स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण होतं. विहिरीजवळ उकिरडा आहे का, हातपंपाचा ओटा फुटलाय का, पाइपलाइनला लिकेज किती, टाकी कधी धुतली, टीसीएल पावडर शिल्लक आहे का, हे सगळं बघतात. त्यावरून जोखीम टक्क्यांत काढतात. ३० टक्क्यांच्या आत असेल तर ग्रामपंचायतीला हिरवं कार्ड, ३० ते ७० असेल तर पिवळं आणि ७० च्या वर गेली तर लाल. सलग पाच वर्षं हिरवं कार्ड राहिलं आणि गावात साथ आली नाही तर चंदेरी कार्ड.

लेकराचं प्रगतीपुस्तक आपण सही करून परत पाठवतो. गावाच्या पाण्याचं प्रगतीपुस्तक मात्र ग्रामपंचायतीच्या कपाटात पडून असतं. कार्ड लाल आलं तर काय होतं, हिरवं आलं तर काय मिळतं, हे गावाला कळतच नाही. पाणी योजनांचं सगळं दुखणं इथेच आहे. चांगलं काम करणाऱ्याला फायदा नाही, वाईट करणाऱ्याला तोटा नाही, आणि मधल्यामध्ये जोखीम मात्र पाणी पिणाऱ्याची.

पैसा पाइपाला, पाण्याला नाही

१५ ऑगस्ट २०१९ ला जलजीवन मिशन जाहीर झालं. घरोघरी नळ, माणशी रोज ५५ लिटर पाणी, आणि तेही पिण्यालायक. मुदत २०२४ ची होती. १ फेब्रुवारी २०२५ च्या बजेटमध्ये ती २०२८ पर्यंत वाढवली आणि आता भर योजनेच्या देखभालीवर राहील असंही सांगितलं. म्हणजे नळ बसवणं सोपं, चालवणं अवघड, हे दिल्लीलाही मान्य झालं.

ठेकेदाराचं बिल कशावर निघतं ते बघा. इतके मीटर पाइप, इतकी टाकी, इतके नळ. मोजमाप पुस्तकात नोंद झाली की बिल. मे महिन्यात त्या नळाला किती मिनिटं पाणी आलं, याची नोंद त्या पुस्तकात नसते. मग ठेकेदार पाइप टाकणारच, कारण त्याला पैसे पाइपाचे आहेत. त्यात २०२५ मध्ये राज्यात ठेकेदारांची बिलं थकली आणि बऱ्याच ठिकाणी काम अर्ध्यावर थांबलं. गावकरी ठेकेदाराला शिव्या देतात, ठेकेदार सरकारकडे बोट दाखवतो, आणि बाई हंडा घेऊन निघते.

योजनेत बक्षिसाची सोय नाही असंही नाही. गावातल्या कामाला १० टक्के लोकवर्गणी आहे. जे गाव योजना नीट पूर्ण करून चालवायला घेईल, त्याला गावातल्या कामाच्या खर्चाच्या १० टक्के रक्कम फिरता निधी म्हणून द्यायची तरतूद जलजीवनच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. मोटार जळाली, पाइप फुटला तर कोणाच्या दारात जायची गरज पडू नये म्हणून हा पैसा. आपल्या गावाला तो मिळाला का, हे सरपंच आणि ग्रामसेवकाला विचारायला हरकत नाही.

टँकरचंही तसंच. २०२४ च्या उन्हाळ्यात मराठवाड्यात सगळ्यात जास्त टँकर छत्रपती संभाजीनगर आणि आपल्या जालना जिल्ह्यात चालले. टँकर सुरू करणं गरजेचंच होतं, लोकांना तहानलेलं कसं ठेवणार? पण ज्या गावाने विहिरीचा गाळ काढला आणि टँकर लागू दिला नाही, त्याला वेगळं काही मिळालं नाही. ज्याने काही केलं नाही, त्याच्या दारात सरकारी खर्चाने पाणी आलं. आळशाला प्रसाद आणि कष्टाळूला रिकामी ताटली, असा हा प्रकार.

पावडर बोंबलत नाही

आता गावाचा हिशोब मांडू. समजा ३०० नळ आहेत आणि पाणीपट्टी वर्षाला १२०० रुपये, म्हणजे महिन्याला १००. पूर्ण वसुली झाली तर ३ लाख ६० हजार येतील. पण निम्मेच लोक भरतात असं धरा. हातात १ लाख ८० हजार.

खर्च बघा. मोटारीचं वीजबिल महिन्याला १५ हजार धरलं तर वर्षाचे १ लाख ८० हजार. पाणी सोडणाऱ्या माणसाला महिन्याला ६ हजार, म्हणजे ७२ हजार. पावडर, लिकेज, मोटार दुरुस्ती मिळून ६० हजार. एकूण ३ लाख १२ हजार. तूट १ लाख ३२ हजाराची. सगळे भरत असते तर ४८ हजार उरले असते.

तूट आली की आधी कशाला कात्री लागते? वीजबिल थकलं तर कनेक्शन तुटतं, गावात बोंब होते. पाणी सोडणाऱ्याला पगार नाही दिला तर तो येत नाही, परत बोंब. टीसीएल पावडर नाही टाकली तर कोणीच बोंबलत नाही. पाणी दिसायला तसंच दिसतं. म्हणून सगळ्यात आधी पावडर बंद होते. आठ-पंधरा दिवसांनी लेकरांना जुलाब लागतात, दवाखान्यात सलाईन लागतं, आणि वाचवलेल्या पावडरीच्या कितीतरी पट पैसा घराघरातून जातो. पण तो ग्रामपंचायतीच्या वहीत दिसत नाही.

पावडरीचा खर्च किती? साधारण १००० लिटर पाण्याला ५ ग्रॅम टीसीएल. ५० हजार लिटरच्या टाकीला पाव किलो. पावडर टाकल्यावर पाणी किमान अर्धा तास तसंच ठेवायचं, मग सोडायचं. पोतं उघडं राहिलं की क्लोरीन उडून जातो. २० टक्क्यांपेक्षा कमी क्लोरीन राहिलेली पावडर म्हणजे नुसता चुना. गावात जलसुरक्षक नेमलेला असतो. त्याने ओटी टेस्ट करायची असते. पाण्यात दोन-चार थेंब टाकले की पिवळा रंग आला पाहिजे. ही टेस्ट टाकीजवळ नाही, गावातल्या शेवटच्या नळावर करायला सांगा. तिथे लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असला पाहिजे.

दुसरी गंमत अशी की पाणीपट्टीचे दिवसाला तीन-सव्वातीन रुपये आपल्याला जड वाटतात, पण जारच्या पाण्याला रोज रोख पैसे देतो. जारचं पाणी थंड असतं, शुद्ध असतंच असं नाही. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोडच्या भागात जीबीएसची साथ आली. तेव्हा तपासलेल्या पाण्याचे कितीतरी नमुने खराब निघाले आणि खासगी आरओ प्रकल्पांवरही महापालिकेला कारवाई करावी लागली. पुण्यासारख्या शहरात ही गत, तर आपल्याकडे जार भरणाऱ्याचं पाणी कोण तपासतो?

नळ आणि नाली शेजारी शेजारी

पिण्याचं पाणी आणि सांडपाणी या दोन वेगळ्या योजना आहेत, दोन वेगळ्या फायली आहेत. जमिनीखाली मात्र दोन्ही शेजारीच आहेत. आपल्याकडे कुठे तीन दिवसाआड तर कुठे आठ दिवसाआड पाणी सुटतं. बाकीचे दिवस पाइप रिकामा. रिकाम्या पाइपला बारीक चीर असेल आणि बाजूने नाली वाहत असेल, तर नालीचं पाणी आत झिरपतं. त्यात आपण नळाला मोटार लावतो. मोटार नुसतं टाकीचं पाणी ओढत नाही, चिरेतून नालीचं पाणीही ओढते. म्हणून पाणी सुटल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं गढूळ येतं. शेजाऱ्याने मोटार लावली म्हणून आपण लावतो, आपण लावली म्हणून तिसरा लावतो.

सांडपाण्यासाठी पैसा नाही असं कोणी म्हटलं तर ते खरं नाही. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात ५ हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपयांपर्यंत, आणि त्याहून मोठ्या गावाला माणशी ६६० रुपयांपर्यंत तरतूद ठेवली होती. दोन हजार वस्तीच्या गावाला हे ५ लाख ६० हजार होतात. शिवाय १५ व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामपंचायतीच्या पैशातला ६० टक्के हिस्सा बांधून दिला. ३० टक्के पाण्यासाठी, ३० टक्के स्वच्छतेसाठी. तो दुसरीकडे वळवता येत नाही. हिशोब ऑनलाइन टाकल्याशिवाय पुढचा पैसा नाही, अशीही अट आहे.

नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे घेतले. नाल्याच बंद झाल्या, डास गेले, आणि 'नांदेड पॅटर्न' म्हणून तो राज्यभर गाजला. नालीच नाही तर पाइपात शिरणार काय? एका खड्ड्याने आजारपणाची जोखीम कमी होते आणि पाणीही जमिनीत मुरतं.

शहराचंही हेच. जालना शहराचं सांडपाणी कुंडलिका आणि सीना नद्यांत जातं, ते पुढे खालच्या गावांच्या शिवारातून वाहतं. शहराला त्याची किंमत मोजावी लागत नाही, ती खालच्या विहिरी मोजतात. नागपूरने यातून वाट काढली. तिथलं प्रक्रिया केलेलं सांडपाणी कोराडी आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रांना जातं. घाण पाण्याला गिऱ्हाईक मिळालं की ते साफ करण्यात पालिकेचाही फायदा असतो. जालन्याच्या एमआयडीसीत पोलादाचे एवढे कारखाने आहेत. महापालिका झालेल्या शहराने हा विचार करायला हवा.

आपली बोअर आणि गावाची विहीर

सगळा दोष सरकारवर टाकून आपण शेतकरी सुटत नाही. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर, बोअर घ्यायला कायद्याने बंदी आहे. १९९३ च्या कायद्यात ती होती, पुढच्या भूजल कायद्यातही आहे. पण मोसंबीची बाग वाळायला लागली की ५०० मीटर कोण मोजतो? एकाची बाग वाचते, गावाची विहीर आटते. युरियाचंही तसंच. गरजेपेक्षा जास्त टाकलेला युरिया पावसाबरोबर खाली जातो आणि विहिरीत नायट्रेट वाढतं. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नायट्रेट नको, लहान लेकरांना ते फार वाईट. पावडर टाकून किंवा पाणी उकळून नायट्रेट जात नाही.

अटल भूजल योजनेत राज्यातले १३ जिल्हे होते, त्यात जालना आहे. या योजनेचा मोठा हिस्सा बक्षिसाच्या पद्धतीने ठेवला होता. पाणीपातळीचे आकडे गावात जाहीर करा, जलसुरक्षा आराखडा करा, पातळीची घसरण थांबवा, मग पुढचा पैसा. आधी निकाल, मग निधी. हीच पद्धत नळयोजनेला का नको?

तपासणीस कोण?

धरणातल्या पाण्याचे ठोक दर ठरवायला राज्यात २००५ च्या कायद्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आहे. गावाच्या नळावर असं कोणी नाही. योजना चालवणारी ग्रामपंचायत, दर ठरवणारी ग्रामपंचायत, आणि वसुली करणारीही तीच. पाणीपट्टी वाढवली की मतं जातात, थकबाकीदाराच्या घरी गेलं की भावकी नाराज होते. सरपंचाचा दोष नाही, जागाच तशी आहे.

युरोपातल्या पोर्तुगाल देशात १९९० च्या दशकात नळाचं जेमतेम निम्मं पाणी सुरक्षित होतं. आज ते ९८-९९ टक्क्यांवर आहे. त्यांनी पैसा घातला, तपासणी सक्तीची केली, आणि पाणी देणाऱ्या प्रत्येक संस्थेचा निकाल दरवर्षी हिरवा, पिवळा, लाल असा सगळ्यांसमोर जाहीर करायला सुरुवात केली. कार्ड आपल्याकडेही आहे. फरक एवढाच की त्यांचं चव्हाट्यावर, आपलं कपाटात.

सरकारने करायची गोष्ट सरळ आहे. ठेकेदाराच्या बिलातला शेवटचा हिस्सा एक उन्हाळा पाणी चालल्यावरच द्यावा, पण बाकीची बिलं वेळेवर द्यावीत. हिरव्या कार्डाला आणि चांगल्या वसुलीला जादा निधी जोडावा. लाल कार्डाच्या गावाचा पैसा कापू नये, नाहीतर शिक्षा पाणी पिणाऱ्यालाच होईल. तिथे माणूस पाठवून दुरुस्ती करून घ्यावी, आणि ती झाली नाही तर जबाबदार कोण हे लिहून ठेवावं.

पण त्याची वाट बघत बसायचं कारण नाही. ग्रामसभा आपल्या हातात आहे. पुढच्या ग्रामसभेत, आणि त्याआधीच्या महिला सभेत, एवढे पाच प्रश्न विचारा:

१. मागच्या दोन सर्वेक्षणांत गावाला कोणत्या रंगाचं कार्ड मिळालं? ते बाहेरच्या भिंतीवर का लावलं नाही?

२. पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत शेवटचा कधी गेला? अहवाल काय आला?

३. पाणीपट्टी किती जमली, थकली किती, आणि पावडरीवर किती खर्च झाला?

४. बांधून आलेल्या ६० टक्क्यांतले किती पैसे पाण्यावर आणि किती सांडपाण्यावर लागले?

५. जलजीवनची योजना ताब्यात घेतली का? घेताना शेवटच्या घरापर्यंत पाणी तपासलं का?

उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या. कागदावर आलं की पुढच्या वेळी टाळता येत नाही. आणि प्रश्न विचारायला उठण्याआधी आपली पाणीपट्टी भरून पावती खिशात ठेवा. पावती असलेल्या माणसाला "तुम्ही आधी भरा" असं म्हणून खाली बसवता येत नाही.