बाबांना खुर्चीतून उठू द्या

स्मृतिभ्रंशाचं निदान झालं की घरातली माणसं सगळ्यात आधी त्या माणसाच्या हातातलं काम काढून घेतात. गॅस तसाच ठेवतील म्हणून स्वयंपाकघर बंद, रस्ता चुकतील म्हणून भाजी आणणं बंद, पडतील म्हणून जिना बंद. ‘बाबा, तुम्ही बसा, आम्ही करतो,’ हे मी फिजिओथेरपीसाठी जाते त्या घराघरांत ऐकते. बोलण्यात माया असते आणि धास्तीही. पण या मायेपोटी आपण चालत्याफिरत्या माणसाला खुर्चीला खिळवतो आहोत, हे मला आता स्पष्ट सांगायचं आहे.

कोथरूडमधलं एक घर. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, वय पंचाहत्तरच्या पुढे. मुलानं हौसेनं रिक्लायनर घेतलेला. चहा तिथे, पेपर तिथे, जेवणाचं ताट तिथेच. दुपारी मान टाकून दोन-तीन तास डुलकी, संध्याकाळी मालिका. रात्री दोनला मात्र आजोबा दाराची कडी काढू लागायचे, ‘पहिली गाडी सुटेल’ म्हणून. सून जागरणानं रडकुंडीला आली, झोपेची गोळी सुरू झाली, आणि सकाळी आजोबा आणखी गुंगीत, आणखी खुर्चीत. माझा पाऊण तासाचा व्यायाम ते निमूट करायचे. उरलेला दिवस बसून.

हालचाल, बैठक आणि झोप ही एकाच चोवीस तासांची वाटणी आहे. एकीचा तोल गेला की बाकीच्या दोन्ही बिघडतात. २०२३मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला. ब्रिटनमधल्या साठीपुढच्या सुमारे ५० हजार लोकांच्या मनगटावर आठवडाभर हालचाल मोजणारं यंत्र बांधलं होतं. पुढच्या काही वर्षांत, जागेपणी दिवसाला दहा तासांहून जास्त बसणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका वाढत गेलेला दिसला. अधूनमधून उठलं की भागतं असंही नाही, एकूण तास किती हेच महत्त्वाचं ठरलं. लंडनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या दीर्घ पाहणीत, पन्नाशीपासून सत्तरीपर्यंत कायम सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांना हा धोका सुमारे ३० टक्के जास्त आढळला.

याची दुसरी बाजूही त्याच पाहणीतून पुढे आली आहे. निदानाच्या जवळजवळ नऊ वर्षं आधीपासूनच माणसांची हालचाल कमी होत जाते. म्हणजे बसण्यामुळे आजार किती आणि आजारामुळे बसणं किती, हा गुंता आहेच. म्हणून ‘चाला, स्मरणशक्ती परत येईल’ असं मी कुणालाही सांगत नाही. पण ज्याला आजार जडलेलाच आहे त्याचं पडणं, बद्धकोष्ठता, रात्रीची तगमग, मांड्यांमधली ताकद जाणं, यातलं बरंचसं बसून राहण्यानं वाढतं, आणि तिथे आपल्या हातात पुष्कळ काही असतं.

त्या घरात आम्ही आधी रिक्लायनर हलवला. खिडकीजवळ सरळ पाठीची, हात असलेली खुर्ची आली. सकाळच्या उन्हात त्यांना सांभाळणाऱ्या मावशीबरोबर कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत जायचं, पैसे आजोबांनीच द्यायचे. नातीचं नाव न आठवणारा हा माणूस काउंटरपाशी उभा राहून सुटे पैसे अंगठ्यानं सरकवत असे काही मोजतो की दुकानदार पुन्हा मोजत नाही. हातांना वर्षानुवर्षं पडलेलं वळण बराच काळ टिकतं. घरच्यांनी ते हेरायला हवं. कपडे वाळत घालताना चिमटे पुरवायचे, ताट स्वतः उचलून न्यायचं. दुपारची झोप तीनच्या आत, अर्धा तास. विसरणं थांबलं नाही, ते थांबणारही नव्हतं. रात्रीचं कडी काढणं मात्र कमी झालं, आणि डॉक्टरांनी गोळी हळूहळू बंद केली. ती मनानं एकदम थांबवायची नसते. पण या वयात अशा अनेक गोळ्यांनी तोल जातो आणि गोंधळ वाढतो, म्हणून ती किती दिवस घ्यायची हे पहिल्याच भेटीत विचारावं.

पडण्याची भीती खोटी नाही. बाथरूममध्ये दांडा बसवा, पायपुसणी काढा, चपलेला मागून पट्टा असू द्या, रात्री मंद दिवा ठेवा. एवढं करून मग चालू द्या.

माझं खरं गाऱ्हाणं मावशी पुरवणाऱ्या ब्यूरोंबद्दल आहे. त्यांच्या लेखी चांगली मावशी म्हणजे जी पेशंटला जागचं हलू देत नाही. कपाळाला टेंगूळ आलं तर जाब तिला विचारतात. पेशंट वर्षभरात उठायचा बंद झाला तर कुणालाच नाही. माणसाला स्वतःची अंघोळ स्वतः करू देत शेजारी कसं उभं राहायचं, खुर्चीतून उठवताना दंडाला न ओढता आधार कुठे द्यायचा, हे त्या बायकांना कुणी शिकवतच नाही. चार-पाच दिवसांत शिकण्यासारखं आहे हे. त्याचा खर्च ब्यूरोनं करावा, दर महिन्याचं कमिशन तोच घेतो.