कारागृह शिपायाची तपासणी आणि रजा : कागदावरचा हक्क हातात कसा येणार?

2024 च्या पोलीस भरतीत कारागृह शिपायांचीही पदे होती. आपल्या वस्त्यांमधली अनेक मुले-मुली पहाटे मैदानावर धावतात ती अशाच भरतीसाठी. भरतीच्या वेळी उंची मोजतात, छाती मोजतात, वैद्यकीय तपासणीही होते. प्रश्न त्यानंतरचा आहे. गर्दीच्या बराकीत पाच-दहा वर्षे ड्युटी केल्यावर त्या छातीत काय शिरले, हे कोण तपासते? आणि ड्युटीत आजार जडला, तर पगारी रजा कशाच्या आधारावर मिळते?

आमच्या मते हे दोन प्रश्न एकच आहेत. तपासणीची नोंद नसेल, तर रजेचा हक्क सिद्धच करता येत नाही.

आधी धोका समजून घेऊ. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या आकडेवारीनुसार देशातील कारागृहांत क्षमतेच्या 131 टक्के बंदी होते. त्यातले चारपैकी तीन कच्चे कैदी, म्हणजे खटला न संपलेले. दुसरीकडे कर्मचाऱ्यांची सुमारे 30 टक्के मंजूर पदे रिक्त होती. 2016 ची आदर्श कारागृह नियमावली सहा बंद्यांमागे एक पहारेकरी असावा असे सांगते. गर्दी जास्त आणि माणसे कमी, याचा अर्थ लांबलेली ड्युटी, झडतीत आणि मारामारीत होणाऱ्या जखमा, आणि कोंदट हवेत पसरणारा क्षयरोग. एप्रिल 2020 मध्ये मुंबई, ठाणे, येरवडा येथील कारागृहे बंद केली, तेव्हा कर्मचाऱ्यांनाही आतच राहावे लागले. पुढच्याच महिन्यात आर्थर रोड कारागृहात बंदी आणि कर्मचारी मिळून शंभरावर लोकांना कोरोना झाला. विषाणूने कोण गजांच्या आत आणि कोण बाहेर, हे पाहिले नाही.

आता नियम पाहू. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 मध्ये ‘विशेष विकलांगता रजा’ आहे. कर्तव्यामुळे हल्ला झाला, अपघात झाला किंवा जास्त धोक्याच्या कामातून आजार झाला, तर ती 24 महिन्यांपर्यंत मिळू शकते. तरतूद चांगली आहे. पण दोन अटी शिपायाला अडवतात.

पहिली, आजार थेट त्या कामामुळेच झाला, असे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. दुसरी, घटनेनंतर तीन महिन्यांत त्रास दिसायला हवा. उशीर झाला तर कारणाबद्दल अधिकाऱ्याची खात्री पटवावी लागते. डोके फुटले तर हे सोपे आहे. क्षयाचे काय? त्याचा जंतू शरीरात महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे निपचित राहतो. घटनेची तारीख कोणती सांगायची? नोकरीला लागताना फुप्फुस निरोगी होते आणि दरवर्षी तपासले जात होते, हे दाखवणारा कागद नसेल, तर डॉक्टर तरी ‘कामामुळेच’ असे कशावरून लिहिणार? मग शिपाई स्वतःची अर्जित रजा संपवतो, नंतर अर्धपगारी, शेवटी बिनपगारी.

कारखान्यातल्या कामगारासाठी कायदा वेगळा विचार करतो. बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात मजूरमंत्री असताना कामगारांच्या आरोग्य विम्याची आखणी झाली आणि 1948 मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा आला. त्यात पुढच्या दुरुस्त्यांनी एक महत्त्वाचे तत्त्व आणले. यादीतल्या धोक्याच्या कामात यादीतला आजार झाला, तर उलट पुरावा येईपर्यंत तो कामामुळेच झाला असे धरायचे. सिद्ध करण्याचे ओझे आजारी माणसावर टाकायचे नाही. सरकारी सेवेतला शिपाई या विम्याच्या बाहेर आहे, पण हे तत्त्व त्याच्या रजा नियमांत आणायला काय हरकत आहे?

काही कार्यकर्ते विचारतील, आपण बंद्यांच्या हक्कांसाठी लढतो, मग पहारेकऱ्यांचा कैवार कशाला? 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता प्रकरणात तुरुंगातील जातीनिहाय कामवाटप घटनाबाह्य ठरवले. तो निकाल अमलात आणण्यासाठी दबाव ठेवलाच पाहिजे. शिपायाच्या हातून बंद्यावर अन्याय झाला, तर त्याला जाबही विचारला पाहिजे. पण हवा दोघांची एकच आहे. आजारी शिपाई बराकीत रोग नेतो आणि घरीही नेतो. थकलेला, रजा न मिळालेला माणूस काठी लवकर उचलतो. बंद्याची तपासणी आणि शिपायाची तपासणी ही एकाच मागणीची दोन टोके आहेत.

म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. रुजू होताना आणि दरवर्षी क्षयरोगाची तपासणी, कावीळ-ब ची लस, अहवालाची प्रत कर्मचाऱ्याच्या हातात आणि त्यातील माहिती गोपनीय. दुखापतीची त्याच दिवशी लेखी नोंद. क्षयासारख्या आजारांना तीन महिन्यांच्या अटीतून सूट. रजेच्या अर्जावर ठरावीक मुदतीत निर्णय.

सुरुवात माहिती अधिकारापासून करता येईल. पुण्यातील कारागृह मुख्यालयाला विचारा: गेल्या पाच वर्षांत विशेष विकलांगता रजेचे किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती दिवसांत? कर्मचाऱ्यांच्या क्षयरोग तपासण्या किती झाल्या? 30 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. ‘माहिती उपलब्ध नाही’ असे आले, तर तेच उत्तर घेऊन आपल्या आमदारांना भेटा. आणि भरतीची तयारी करणाऱ्या आपल्या मुलांना आजच सांगा: रुजू होतानाच्या वैद्यकीय अहवालाची एक प्रत स्वतःजवळ ठेवा.