शिवारफेरीला खिशातला कॅमेराच बरा

किडीचे फोटो काढायला डीएसएलआर घ्यावा का, असं बरेच जण विचारतात. माझं मत, नको. बॉडी आणि मॅक्रो लेन्स मिळून किलोच्या वर वजन. पाठीवर पंप असला की तो घरीच राहतो, आणि मक्याच्या पोंग्यात अळी नेमकी त्याच दिवशी दिसते.

लष्करी अळी ओळखायची तर डोक्यावरचा उलटा वाय आणि शेपटीकडचे चौकोनातले चार ठिपके फोटोत स्पष्ट हवेत. नाहीतर सहायक कृषी अधिकारी तरी काय सांगणार? लहान अळीवर या खुणा पुसट असतात, आणि निंबोळी अर्कावर भागतं ते तेव्हाच. मोठी झाली, पोंग्यात विष्ठा साचली की फवारा आत पोचत नाही.

ऑलिंपस टीजी-६ साधारण २५० ग्रॅमचा. लेन्सपासून १ सेंटीमीटरवरचं टिपतो, पावसात भिजला तरी चालतो. किंमत मात्र झोंबते. परवडत नसेल तर मोबाईलला चिमट्याची मॅक्रो लेन्स लावा, काही शे रुपयांत मिळते. वाऱ्यात पान हलतं, तेवढं एका हातानं धरायचं.

माझा डीएसएलआर मी विकलेला नाही. बांधावरच्या पक्ष्यांना लांब लेन्स लागतेच.