बांध ओलांडण्याआधी नोटीस दाखवा!



आपण इथं खात्यात उभे, आणि गावाकडं आपल्या वावरात कोण उभं आहे? दुर्बीण रोवून, खुंट्या ठोकून, चुन्याच्या रेघा मारून! म्हातारी विचारते, "कोण रं बाबा तुम्ही?" उत्तर मिळतं, "सरकारी माणसं. बाजूला व्हा." सातबारावर नाव आमचं, घाम आमच्या बापजाद्यांचा, आणि बाजूला व्हायचं तेही आम्हीच!

हा खेळ जुना आहे. मुळशी पेट्यात टाटा कंपनीनं धरणासाठी मावळ्यांच्या शेतांत चाचणीचे चर खणले. विचारलं कुणी नाही. एका शेतकऱ्यानं हटकलं तेव्हा गोऱ्या साहेबानं पिस्तूल रोखलं, असं त्या लढ्याच्या इतिहासात नोंदलेलं आहे. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. बापट 'सेनापती' झाले ते तिथंच, आणि तेच पुढं संयुक्त महाराष्ट्रासाठी उभे राहिले. अन् ती वीज हवी होती कुणाला? मुंबईच्या गिरण्यांना! आमचे माग फिरावेत म्हणून आमच्याच भावांची भातखाचरं बुडाली. हे गिरणी कामगारानं विसरून चालायचं नाही.

तेव्हा कायदा नव्हता असंही नाही. इंग्रजाच्या १८९४ च्या कायद्यातसुद्धा घरात, परसात शिरायला राहणाऱ्याची संमती लागे, नाहीतर ७ दिवसांची लेखी नोटीस. शेताला मात्र ते कवच नव्हतं. गॅझेटात छापलं, गावात जाहीर केलं, की घुसा! (साहेबाच्या बंगल्यात शिपायाला विचारल्याबिगर मांजरही शिरत नाही.)

२०१३ चा भूसंपादन कायदा आला आणि १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. त्यात शेतालाही दार बसलं. मोजणी, खोदाई मालकासमोर व्हावी, किंवा मालकानं लेखी अधिकार दिलेल्या माणसासमोर. मालकाच्या माघारी करायची तर ६० दिवस आधी नोटीस. नुकसान होणार असेल तर आत शिरतानाच भरपाई पुढं करायची, मागाहून नव्हे.

पण कुंपणच शेत खातं! राष्ट्रीय महामार्गाच्या १९५६ च्या कायद्यात ही ६० दिवसांची अट नाही. धरणवाला थांबेल, रस्तेवाला थेट बांधावर! एकाच मातीला दोन न्याय कसे? रस्ते नकोत असं आम्ही म्हणत नाही. रस्त्याला जमीन हवी तर आधी मालकाला माणूस समजा, एवढंच म्हणतो.

आणि नोटीस कुठल्या भाषेत? संपादनाची पहिली अधिसूचना पंचायतीत, तहसिलीत स्थानिक भाषेत लावा, असं २०१३ चाच कायदा सांगतो. बेळगावचा मराठी माणूस सरकारी कागद आपल्या भाषेत मिळावा म्हणून वर्षानुवर्षे भांडतो आहे, ते काय हौस म्हणून? जी नोटीस वाचता येत नाही, ती मिळाली काय अन् न मिळाली काय! भाषेचा लढा आणि बांधाचा लढा आम्ही वेगळे मानत नाही.

तेव्हा मागणी एकच: महामार्ग असो की धरण, ६० दिवसांची नोटीस, मालकाच्या भाषेत, सगळ्या कायद्यांत घाला!

अन् सुट्टीत गावी जाल तेव्हा घरच्या कुणाला तरी लेखी अधिकार देऊन या. खुंटी ठोकणारा तुमच्या पाळीची वेळ बघून येत नाही.