साहेबाचा तांदूळ

इ. स. २००० पासून महाराष्ट्रांत पहिल्या इयत्तेपासूनच इंग्रजी आलें, आणि गोंदियालगतच्या फुलचूर येथें तें शिकविण्याचें काम आमच्याकडे आलें. एके दिवशीं आम्हीं सांगितलें, “राइस म्हणजे तांदूळ.”

“आणि भात?” तोहि राइसच.

“शेतांतलें धान?” आम्हीं तेंहि राइसच ठरविलें!

तोंच एक चिमुकला उठला. “गुरुजी, मंग साहेबाच्या गावात राइसमिल नाही का जी?”

वर्गाबरोबर आम्हीहि हंसलों. परंतु घरीं येतांच कोश उघडला. दुसऱ्या दिवशीं वर्गापुढें चूक कबूल केली : धानाला इंग्रजींत ‘पॅडी’ म्हणतात, मात्र तो शब्द साहेबानें मलय भाषेंतून उसना घेतलेला आहे.

चिमुकला पुन्हां उठला. “मंग परत केला का जी?”

याचें उत्तर कोशांत नव्हतें!