टाके मोजायचे होते, साहेब

माननीय असेसिंग ऑफिसर यांस,

साहेब लिहावं की मॅडम, तेही मला ठाऊक नाही. 2020 मध्ये कस्टम्सची फेसलेस असेसमेंट देशभर लागू झाली, तेव्हापासून आपल्या कागदांवर कुठल्या शहरात कोण बसलंय हे आयातदाराला कळायला मार्ग नाही. त्याबद्दल तक्रार नाही. टेबलाखालचे व्यवहार त्याने कमी झाले असतील तर चांगलंच आहे. पण ज्याचं तोंड पाहिलेलं नाही त्याला खोटारडं ठरवणंही सोपं झालं. मला लागलंय ते हे.

माल होता बायकांच्या टॉपचा. पुढून बटणं, जाड धागा, सैल वीण. आमच्याकडे थंडी म्हणजे दिवाळी ते संक्रांत. त्यात विकलं ते विकलं. मी टॅरिफचं हेडिंग टाकलं 6110, म्हणजे कार्डिगन-पुलओव्हरच्या जातीतलं. तुम्हाला तो 6106 मधला ब्लाऊज वाटला. शंका घेणं तुमचं कामच आहे. कपड्यांच्या कितीतरी ओळींवर टक्केवारी किंवा नगामागे ठरावीक रुपये, यांतलं जे जास्त ते लागतं. हेडिंग हललं की हलक्या मालाची ड्यूटी हलते, हे मलाही कळतं.

म्हणून तर उत्तरात अध्याय 61 ची टीप 4 दिली होती. कपड्याला कमरेखाली खिसा असेल, खालच्या कडेला रिबची पट्टी किंवा आवळायची सोय असेल, किंवा किमान 10 बाय 10 सेंटिमीटरच्या भागावर मोजून दोन्ही दिशांना सेंटिमीटरला सरासरी 10 पेक्षा कमी टाके भरत असतील, तर तो 6106 मध्ये बसत नाही. नमुन्याचा टॉप न ताणता टेबलावर पसरला, वर पट्टी ठेवली, पिक-ग्लासचं भिंग लावलं आणि सुईच्या टोकाने एकेक टाका पुढे सारत मी मोजत गेले. आडवे सातच्या आसपास, उभे आठच्या. खरं तर मोजायचीही गरज नव्हती. बोट आरपार दिसत होतं. मापं, फोटो, सगळं अपलोड केलं.

त्यावर तुमची पुढची क्वेरी आली, आणि तिच्यात कपड्याबद्दल काही नव्हतंच. ड्यूटी चुकवण्यासाठी वर्णन फिरवल्याचा संशय होता. माझ्यावर.

हे टॅरिफ अंदाजाने चालू नये म्हणूनच इतकं किचकट लिहिलंय. बाळाचा कपडा म्हणजे 86 सेंटिमीटरपर्यंत उंचीच्या मुलाचा. बटणपट्टीची डावी बाजू उजवीवर आली तर पुरुषाचा, उजवी डावीवर आली तर बाईचा. कशावरूनच ठरेना तर बाईच्या खात्यात. (निकाल न लागलेलं सगळं आमच्या पदरात टाकायची जुनी खोड हे नियम लिहिणाऱ्या ब्रसेल्सलाही आहे म्हणायची.) पुस्तकात टाक्यांचा आकडा छापलेला असताना तुम्ही मात्र माणसाच्या हेतूवर बोट ठेवलंत.

पडद्यावर टाके मोजता येत नाहीत, कबूल. मग पहिल्याच दिवशी फर्स्ट चेक लावायचा होता. बंदरावर कंटेनर उघडून एक नग बाहेर काढला असता की मिटलं असतं. नाहीतर कलम 18 खाली प्रोव्हिजनल असेसमेंट करून, बॉण्ड घेऊन माल सोडायचा होता. दोन्ही वाटा तुमच्या हातात होत्या. तुम्ही क्वेरीमागून क्वेरी काढत राहिलात आणि इकडे डिटेन्शन, गोदीचं भाडं चढत राहिलं. वर्गीकरणाचा आगाऊ निर्णय घ्यायचा होता, असं कोणी म्हणेल. मुंबईत त्यासाठी प्राधिकरण आहे, ठाऊक आहे. कायद्याने त्यांना तीन महिन्यांची मुदत आहे, आणि आमचा सगळा हंगाम त्याहून लहान.

शेवटी तपासणी झाली, टाके मोजले गेले, बिल ऑफ एंट्री माझ्याच 6110 वर पास झालं. तोवर तिळगूळ वाटून झाला होता. माल आता निम्म्या भावात फुंकते आहे.

2011 पासून कायदा सांगतो, वर्गीकरण आयातदारानेच करून द्यायचं. केलं. चुकलं असतं तर कलम 111 खाली माल जप्तीला पात्र, वर दंड. बरोबर निघालं तर काय, हे कुठल्याच कलमात नाही. साधं ‘ठीक आहे’सुद्धा आलं नाही.

भरपाई मागत नाही. ती मिळायची नाही हे ब्रोकरकाकांनी आधीच सांगून ठेवलंय. मागणं एवढंच, की उद्या जो कोणी ते बिल उघडेल त्याला तुमचा संशय ठळक दिसेल, तर टाके मोजल्यावर काय निघालं तेही त्याच नोंदीत तुमच्या शब्दांत लिहा.

आपली,
ठाण्यातली एक लहान आयातदार