बचावपटूचा हिशेब करंडकांत मांडू नका

जॉर्ज कोस्टा ५ ऑगस्ट २०२५ रोजी वयाच्या अवघ्या ५३व्या वर्षी गेले. पोर्तो या फुटबॉल संघाचे माजी कर्णधार आणि २०१८ ते २०२० अशी दोन वर्षे अंधेरीच्या मैदानावर मुंबई सिटीचे प्रशिक्षक. त्यानंतर आपल्याकडच्या एका जाणकार म्हणवणाऱ्या गृहस्थांनी त्यांच्या कारकिर्दीचा निकाल लावून टाकला: खेळाडू म्हणून थोर, प्रशिक्षक म्हणून नापास. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. बचावपटू आयुष्यभर मोडतोड करतो, त्याला रचना कुठून सुचणार? त्याचे संघ घाबरट खेळतात. कोस्टांनी डझनभर संघ बदलले, एकही मोठा करंडक आणला नाही. मुंबईतही हात हलवत आले आणि हात हलवत गेले. सबब मुंबईने बचावपटूच्या हाती संघ देऊ नये.

उचलली जीभ लावली टाळ्याला, याहून वेगळे वर्णन मला सुचत नाही.

घाबरटपणाचा आरोप आधी निकालात काढू. १६ डिसेंबर २०१८ला अंधेरीत केरळा ब्लास्टर्सविरुद्ध मुंबईने ६-१ असा विजय मिळवला. त्यात मोडू सोगूचे एकट्याचे चार गोल. हा सोगू कोस्टांच्या हाताखाली आधी पोर्तुगालच्या अकादमिका आणि रुमानियाच्या क्लूज या संघांतून खेळलेला. कोणता गडी कोणत्या जागी फळतो हे ठाऊक असलेल्या माणसाने तो मुंबईत खेळवला. याला रचना म्हणायचे नाही तर कशाला?

बचावपटूला रचना सुचत नाही, या दाव्याला एक नाव पुरे: बेकेनबाउर. १९७४ला कर्णधार म्हणून विश्वचषक, १९९०ला प्रशिक्षक म्हणून विश्वचषक. दुसरे हवे असेल तर फर्नांडो सांतोस. तेही बचावपटूच. पोर्तोने १९९९ला सलग पाचवे विजेतेपद मिळवले तेव्हा ते प्रशिक्षक होते आणि कोस्टा त्यांच्या बचावफळीत. याच सांतोसांनी २०१६ला पोर्तुगालला युरोपचे विजेतेपद मिळवून दिले.

आता मुख्य मुद्दा, करंडकांचा. यावर मी सविस्तर बोलणार आहे, कारण सगळा घोळ इथे आहे.

प्रशिक्षकाची उंची करंडक मोजून ठरवायची, तर आधी तो कोणत्या संघात होता हे पाहावे लागेल. श्रीमंत संघाच्या प्रशिक्षकाला करंडक हे जवळजवळ वेतनाबरोबर मिळतात. कोस्टांच्या वाट्याला तसे संघ आलेच नाहीत. २००८-०९मध्ये त्यांनी ओल्यानेन्से या छोट्या संघाला पोर्तुगालच्या दुसऱ्या श्रेणीचे विजेतेपद मिळवून दिले आणि तीन दशकांहून अधिक काळानंतर वरच्या श्रेणीत नेले. पुढच्या हंगामात तिथे टिकवूनही दाखवले. श्रेणी खालची म्हणून हे विजेतेपद मोजायचे नाही का? पुढे २०२३-२४मध्ये, नव्याने उभ्या राहिलेल्या एव्हीएस संघाला पहिल्याच हंगामात त्यांनी पुन्हा वरच्या श्रेणीत पोहोचवले. गॅबनला २०१५च्या आफ्रिका चषकाच्या मुख्य फेरीत नेले. ज्यांच्याकडून कुणाला काही अपेक्षा नव्हती, अशा संघांतून हे सारे झाले. ज्या क्लूजने २०१२ला रुमानियाचे विजेतेपद मिळवले, त्याचा हंगामाचा बराचसा प्रवास कोस्टांच्या हाताखाली झाला होता. शेवटच्या टप्प्यात त्यांना हटवले गेले आणि करंडक दुसऱ्याच्या नावावर लागला. पाया ज्याने घातला त्याचे नाव पुसून कळस चढवणाऱ्याला शाबासकी द्यायची, ही आपली जुनी खोड आहे.

आणि मुंबई? २०१७-१८ला मुंबई सिटी सातव्या स्थानी होती. कोस्टा आले आणि पहिल्याच हंगामात संघ ३० गुणांसह तिसरा आला. त्याच हंगामात ऑक्टोबरमध्ये गोव्याने ०-५ असा सणसणीत पराभव केला होता. त्यानंतर संघ कोसळला नाही, सलग अनेक सामने अपराजित राहिला. उपांत्य फेरीत गोव्याविरुद्ध अंधेरीत पहिला गोल मुंबईचाच, रेनियर फर्नांडिसचा, तरी सामना १-५ असा गेला. हा पराभव आमचे टीकाकार वारंवार उगाळतात. तीनच दिवसांनी फातोर्ड्याला जाऊन तोच संघ १-० असा जिंकून आला, हे मात्र ते कधीच सांगत नाहीत. चार गोलांनी मागे असलेला संघ परक्या मैदानावर जिंकतो, तेव्हा ड्रेसिंग रूममध्ये प्रशिक्षकाचा शब्द चालत असतो.

गोव्याने आपल्यावर पाच गोल केले म्हणून बचावपटू नालायक ठरत असेल, तर २०१५चे काय? तेव्हा मुंबईची सूत्रे निकोला अनेल्काच्या हाती होती. जगातल्या नामांकित आघाडीवीरांपैकी एक. त्याच गोव्याने, त्याच फातोर्ड्यात आपल्यावर सात गोल केले. त्यावरून कुणी असा सिद्धांत मांडला नाही, की आघाडीवीराने प्रशिक्षक होऊ नये.

२०१९-२०च्या शेवटी संघ पाचवा राहिला आणि बाद फेरी हुकली, हे खरे आहे आणि मला मान्य आहे. २१ फेब्रुवारी २०२०ला अंधेरीत चेन्नईयनकडून ०-१ अशी हार झाली. तो गोल केला लुचियान गोयानने. वर्षभरापूर्वी तो मुंबईच्याच बचावफळीत होता. पुढच्या हंगामात नवे प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा दोन्ही करंडक घेऊन आले, असा टोमणा मारणाऱ्यांनी हेही सांगावे, की तोवर बड्या परदेशी समूहाचा पैसा आला होता आणि गोव्याच्या जिंकणाऱ्या संघाचा कणा मुंबईत दाखल झाला होता. त्या कण्यातला मुर्तदा फॉल हाही बचावपटूच.

हे वाद नवे नाहीत. मुंबई क्रिकेटची, फुटबॉल इथे रुजणार नाही, हे मी वर्षानुवर्षे ऐकतो आहे. वांद्रे, कलिना, ऑर्लेम, बोरिवलीची आयसी कॉलनी इथे पावसाळ्यात फिरून पाहावे, म्हणजे कळेल. दुसरा वाद देशी की परदेशी प्रशिक्षकाचा. यात दोन्ही बाजूंनी पासपोर्ट तपासले जातात, कामाकडे कुणी पाहत नाही. मुंबईतल्या संघाने राष्ट्रीय लीग प्रथम जिंकली ती २००५-०६ला. महिंद्रा युनायटेडचे प्रशिक्षक होते डेरिक परेरा, साळगावकरचे जुने बचावपटू, गोव्याचे. परदेशी नव्हते आणि आघाडीवीरही नव्हते. संघ २०१०ला बंद झाला आणि आपण तो पराक्रमही विसरून गेलो.

बचावपटू प्रशिक्षक का होऊ शकतो, याचे उत्तर मैदानावर दिसते. मागच्या फळीतला मधला गडी पूर्ण नव्वद मिनिटे सगळा खेळ समोर ठेवून उभा असतो. बाकीच्यांची पाठ त्याला दिसते. ‘वर या’, ‘आत घे’, ‘सोडू नको’ असे ओरडून चौघांची फळी तो एका वेळी पुढे नेतो. एकजण अर्धे पाऊल मागे राहिला तर ऑफसाइडचा सापळा फुटतो आणि जाब यालाच द्यावा लागतो. दुसऱ्यांकडून काम करून घेणे आणि चुकीची जबाबदारी स्वतः उचलणे, प्रशिक्षकाचे काम यापेक्षा निराळे काय असते? कोस्टांनी हे २००४ला चॅम्पियन्स लीग उंचावणाऱ्या संघाचा कर्णधार म्हणून केले. आपल्याकडचे उदाहरण महेश गवळीचे, मूळचा गोव्याचा बचावपटू. २०२३च्या सॅफ स्पर्धेत मुख्य प्रशिक्षक निलंबित असताना उपांत्य आणि अंतिम सामन्यात बाकावर तोच उभा होता आणि भारताने करंडक जिंकला.

उपनगरातल्या प्रशिक्षकांना माझे सांगणे एवढेच: जो पोरगा कमी धावतो त्याला ‘तू मागे थांब’ म्हणून बॅकला उभे करणे बंद करा. ज्याचे डोके चालते आणि तोंड चालते, त्याला तिथे ठेवा. अंधेरीतच १७ मार्च २०१९ला अतिरिक्त वेळेत आयएसएलचा अंतिम सामना कुणी सोडवला? मुंबईच्याच राहुल भेकेने, बंगळुरूच्या बचावपटूने. असे गडी खेळ संपल्यावर घरी बसता कामा नयेत. त्यांना प्रशिक्षणाचे परवाने मिळवून द्या, संघ त्यांच्या हाती द्या आणि पहिल्या पराभवानंतर काढून टाकू नका.